ओटी भरली, रोस्टर तोच राहिला

काही वर्षांपूर्वीची दुपार. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात दुसरी केस संपून तिसरी टेबलावर यायची होती. मधल्या वीस मिनिटांत सिस्टरांनी चेंजिंग रूममध्ये आमच्या रजिस्ट्रार, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टर मुलीची ओटी भरली. ऑपरेशन थिएटरलाही आम्ही ओटीच म्हणतो, त्यामुळे ‘ओटीत ओटी’ म्हणून सगळ्या हसत होत्या. हिरव्या स्क्रबवरच हळदीकुंकू, खण, नारळ, तांदूळ. मावशींनी घरून करंज्या आणल्या होत्या. तिला सातवा महिना लागला होता. अर्धी करंजी हातात असतानाच पेशंट आत आल्याचा निरोप आला. उरलेली अर्धी कागदात गुंडाळून ती वॉश घ्यायला, म्हणजे शस्त्रक्रियेआधी हात धुवायला गेली.

त्याच दिवशी तिच्या युनिटची इमर्जन्सी होती, म्हणजे तातडीचे सगळे रुग्ण त्यांच्याकडे येणार होते, आणि भूल द्यायला मी होते. रात्री साडेअकराला आतड्याला छिद्र पडलेला एक रुग्ण आला, त्याच्यामागून अपेंडिक्स, पहाटे पोटात मार लागलेला अपघाताचा एक. भूलतज्ज्ञाची जागा रुग्णाच्या डोक्याशी असते आणि तिथे एक गोल स्टूल असतं. त्या स्टुलावरून समोर उभ्या असलेल्या सर्जनचे पाय नीट दिसतात. ती आधी या पायावरून त्या पायावर भार टाकत होती, मग टेबलाच्या कडेला मांडी टेकवून उभी राहिली. शेवटच्या केसला ओटीच्या सपातांचा पट्टा तिच्या घोट्यावर इतका रुतला होता की सपाता काढल्यावरही तिथली खाच तशीच राहिली. सकाळी साडेआठला ती राऊंडला हजर होती.

चौतिसाव्या आठवड्यात तिचं बीपी चढलं, लघवीत प्रोटीन जायला लागलं आणि बाळंतपण लवकर उरकावं लागलं. बाळ दोन किलोच्याही आत होतं, काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं. आता ते शाळेत जातं, ठणठणीत आहे.

त्या रात्रीमुळेच हे झालं का? एका बाईच्या गोष्टीवरून हे कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. गरोदरपणात असं बीपी चढण्याचा हा आजार, प्रीएक्लॅम्प्सिया, घरी आराम करणाऱ्या बाईलाही होतो. म्हणूनच अशा प्रश्नाचं उत्तर शेकडो बायकांची माहिती एकत्र ठेवून शोधावं लागतं, आणि ते काम झालेलं आहे. शस्त्रक्रियेचं काम आणि गरोदरपण यांचा नेमका संबंध काय, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, कायदा काय देतो, आणि रुग्णालयाने काय करायला हवं, हे इथे सोप्या शब्दांत मांडते आहे. शिकणाऱ्या मुलींसाठी तर आहेच, पण त्यांच्या सासू-सासऱ्यांनी, नवऱ्यांनी आणि विशेषतः युनिटच्या प्रमुखांनी वाचावं म्हणूनही.

आकडे काय सांगतात

२०२१ साली अमेरिकेतल्या सर्जनांचा एक मोठा अभ्यास तिथल्या शस्त्रक्रियेच्या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. त्यात ६९२ स्त्री सर्जनांनी आपल्या गरोदरपणाची माहिती दिली. त्यांतल्या ४२ टक्के जणींना कधी ना कधी गर्भ गमवावा लागला होता. तिथल्या सर्वसाधारण बायकांच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून जास्त होतं. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५७ टक्के जणी गरोदरपणात आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम करत होत्या.

या अभ्यासातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी तुलना कोणाशी केली. नुसत्या ‘इतर बायकां’शी तुलना केली तर कोणीही म्हणेल, सर्जन उशिरा लग्न करतात, त्यांची परिस्थिती वेगळी असते. म्हणून त्यांनी पुरुष सर्जनांच्या बायकाही घेतल्या, ज्या स्वतः सर्जन नाहीत. घरात पैसा साधारण तेवढाच, डॉक्टर घरातच, चांगलं रुग्णालय हाताशी. फरक एवढाच की ऑपरेशनच्या टेबलापाशी कोण उभं राहतं. या बायकांमध्ये गरोदरपणातली मोठी गुंतागुंत २७ टक्क्यांच्या आसपास होती. स्त्री सर्जनांमध्ये ती ४८ टक्के निघाली. वय, कामाचे तास, आयव्हीएफ, जुळी मुलं या सगळ्यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक शिल्लक राहिला. आणखी एक धागा त्यांना सापडला: शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्याला १२ तास किंवा जास्त वेळ प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणाऱ्यांमध्ये मोठ्या गुंतागुंतीची शक्यता साधारण दीडपट होती.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. ही माहिती प्रश्नावलीतून, आठवणीतून आलेली आहे. ज्यांना त्रास झाला त्या उत्तर द्यायला जास्त उत्सुक असतात. आणि ‘सोबत आढळलं’ म्हणजे ‘त्यामुळेच झालं’ असं होत नाही. पण शरीरशास्त्राला जे आधीपासून माहीत आहे त्याच्याशी हे आकडे जुळतात, म्हणून मी ते गांभीर्याने घेते.

यातून ‘म्हणजे मुलींनी सर्जरी घेऊच नये’ असा अर्थ काढणारे भेटतात. मला त्याचा राग येतो. बहुतेक सर्जन मुलींची बाळंतपणं सुखरूप होतात. रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, चुकीचा असेल तर रोस्टर बदलायचा असतो.

एका जागी उभं राहणं

गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला पूर्वीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलत असतं. दुसरीकडे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढतं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर भार टाकतं. पायांतलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात, पण ते चालताना. दिवे घाट चढणाऱ्या वारकरणीच्या पोटऱ्या हा पंप सतत चालवत असतात. सर्जन मात्र दोन-दोन, चार-चार तास एकाच फरशीवर खिळलेली असते. हात मिलिमीटरने हलतात, पाय हलतच नाहीत. पंप बंद. रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं, बीपी खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि वारेकडे जाणारं रक्तही कमी होऊ शकतं. बाळाला प्राणवायू आणि अन्न पोचतं ते या वारेतूनच.

‘शेतात राबणाऱ्या बायका नाही का बाळंतपणापर्यंत काम करत?’ हे वाक्य मी कॅन्टीनमध्ये अगणित वेळा ऐकलं आहे. एक तर त्या बायकांचे गर्भपात आणि कमी वजनाची बाळं हे वाक्य बोलणारा मोजत नाही. दुसरं म्हणजे कष्टाचं काम आणि हलता न येणारं काम यांचा शरीरावरचा परिणाम वेगळा असतो. खुरपणारी बाई निदान बांधावर टेकते, पाणी पिते. पोट उघडं असलेल्या रुग्णापासून सर्जनला बाजूला होता येत नाही.

पाण्याचा विषय त्याहून वाईट. लांब केस असली की आमच्या मुली सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत, मध्येच लघवीला जावं लागू नये म्हणून. गरोदरपणात मूत्रवाहिन्या रुंदावतात, लघवी रेंगाळते, जंतुसंसर्ग सहज होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर अकाली कळा सुरू होऊ शकतात. म्हणजे ज्या महिन्यांत भरपूर पाणी प्यावं आणि लघवी तुंबवू नये, त्याच महिन्यांत ती नेमकं उलट करते. जेवणाचंही तसंच. गरोदर शरीर उपाशी राहिलं की साखर लवकर उतरते आणि चरबी जाळून कीटोन तयार व्हायला लागतात. एरवी चोवीस तासांच्या उपासाला जे होतं ते इथे रात्रभरात होतं. दुपारी दोनची पोळीभाजी पाचला खाणं हा शिस्तीचा भाग नाही.

पोट पुढे आलं की टेबलापासूनचं अंतर वाढतं. ती पुढे वाकते, कंबर धरते. सांधे बांधणारे अस्थिबंध सैल झालेले असतातच. हाताला सूज येऊन मनगटातली नस दाबली जाते आणि बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. गरोदरपणात हे बऱ्याच जणींना होतं, पण सर्जनच्या हातात सुई असते. मी एका मुलीला दोन टाक्यांच्या मध्ये हात झटकताना पाहिलं आहे. तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

रात्र

डेन्मार्कमध्ये २०१९ साली २२ हजारांहून जास्त नोकरदार गरोदर बायकांची माहिती तपासली गेली. यांतल्या बऱ्याचजणी रुग्णालयांत काम करणाऱ्या होत्या. इथे आठवणींवर विसंबायची गरज नव्हती. कोणी किती रात्री काम केलं हे पगाराच्या नोंदींतून घेतलं होतं. एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केलेल्या बायकांमध्ये पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त दिसला, आठव्या आठवड्यानंतरच्या गर्भपातांसाठी.

हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नका. ३२ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या ३२ जणींचा गर्भपात होतो असं नव्हे. समजा एखाद्या टप्प्यावर शंभरातल्या चार जणींना तो धोका असेल, तर तो पाच जणींच्या थोडा वर जातो, इतकंच. एकट्या बाईसाठी फरक लहान. पण रोस्टर लावणारा एका बाईपुरता विचार करत नसतो, त्याच्या हाताखालून वर्षानुवर्षं मुली जात असतात.

असं का होत असावं? अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन स्रवतो, आणि त्याचा वारेच्या कामाशीही संबंध असल्याचं मानलं जातं. रात्रभर ओटीच्या दिव्याखाली उभं राहिलं की ते स्रवणं दबतं. त्यात झोप मोडलेली, आणि ज्याला आम्ही इमर्जन्सी म्हणतो ती मनाला सैल सोडत नाही.

ज्याची भीती वाटते ते

मुली मला सर्वांत जास्त विचारतात ते क्ष-किरणांबद्दल आणि भुलीच्या वायूंबद्दल. तास आणि रात्री यांबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते बदलता येत नाहीत असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात किरण आणि वायू यांचाच बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे.

हाडांच्या शस्त्रक्रियेत सी-आर्म नावाचं यंत्र लागतं. त्याचे किरण रुग्णाच्या अंगावर आदळून विखुरतात आणि ते विखुरलेले किरण आजूबाजूच्यांना लागतात. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण पावपट होते, त्यामुळे बटण दाबताना दोन पावलं मागे सरकणं याला मोठी किंमत आहे. किरण सोडणारी नळी टेबलाखाली ठेवली तर विखुरलेले किरण बहुतांश खाली, पायांकडे जातात. शिशाचा चांगला ॲप्रन त्यातले ९० टक्क्यांहून जास्त अडवतो. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे गरोदरपण कळवल्यापासून पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. तुलनेसाठी, जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. मोजणीसाठी छातीवर बिल्ला असतो. गरोदर असाल तर दुसरा बिल्ला ॲप्रनच्या आत, पोटाशी लावून मागा. आणि ॲप्रन पाठीमागेही गुंडाळला जाणारा हवा, कारण टेबलाकडे पाठ करून वळलात की पुढून बांधलेला ॲप्रन उपयोगाचा नाही. एकच तोटा: तो काही किलो वजनाचा असतो आणि ते वजन आधीच थकलेल्या कमरेवर येतं. म्हणून शेवटच्या महिन्यांत सी-आर्मच्या लांब केस टाळलेल्याच बऱ्या.

वायूंचं म्हणाल तर ते माझंच क्षेत्र आहे. भुलीच्या यंत्रातून सांडणारा वायू ओढून बाहेर सोडणारी नळी जोडलेली असेल आणि ओटीची हवा नीट बदलत असेल, तर मात्रा फार कमी राहते. गळती जास्त होते ती लहान मुलांना मास्क लावून झोपवताना. तेवढी पाच मिनिटं गरोदर मुलीने खोलीबाहेर थांबावं, मी तसं सांगतेच. जुन्या, छोट्या नर्सिंग होममध्ये ती नळी आहे का, हे मात्र डोळ्यांनी पाहून घ्या.

सुई टोचण्याबद्दल थोडक्यात: हेपॅटायटिस बीची लस आधीच पूर्ण असावी, आणि टोचलीच तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, शक्यतो काही तासांतच सुरू व्हावीत. गरोदर आहे म्हणून थांबायचं नसतं.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत गोड बातमी फोडत नाहीत. दृष्ट लागते म्हणा, किंवा काही बिनसलं तर चारचौघांत सांगावं लागू नये म्हणून म्हणा. मला ही रीत समजते. पण बाळाचे अवयव घडतात ते याच आठवड्यांत, आणि किरणांपासून, औषधांपासून सांभाळायचं तेही याच आठवड्यांत. ती कोणाला सांगत नाही आणि सी-आर्मच्या शेजारी उभी राहते. म्हणून प्रत्येक विभागात एक व्यक्ती ठरलेली हवी, जिला सांगितलेलं बाहेर जात नाही. ती फक्त बिल्ला आणि पोस्टिंग बदलेल, कारण विचारणार नाही.

वयाचं गणित

महाराष्ट्रातल्या मुलीचं गणित मांडून पाहा. अठराव्या वर्षी प्रवेश. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं. पीजीच्या प्रवेशासाठी एखादं वर्ष. एमएसची तीन. सरकारी महाविद्यालय असेल तर बंधपत्राची सेवा. पुढे सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. तिशी उलटून गेली. गर्भपाताचं प्रमाण तरुण वयात दहा-पंधरा टक्के असतं, चाळिशीत ते साधारण तीनात एक होतं. मुख्य कारण बीजातल्या गुणसूत्रांमधल्या चुका वाढणं हे आहे. त्यामुळे ‘आधी शिक्षण होऊ दे’ हा सल्ला फुकट नसतो. आणि रेसिडेन्सीत, म्हणजे एमएसच्या वर्षांत, मूल होऊ दिलं तर ‘ही सिरियस नाही’ हे ऐकावं लागतं. दोन्हीकडून कात्री.

कायदा

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्याची २०१७ ची दुरुस्ती बहुतेकांना ‘२६ आठवड्यांची रजा’ एवढीच माहीत असते. गेल्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि या तरतुदी तिथे कायम आहेत. पण कमी माहीत असलेल्या तरतुदी अशा: गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची पगारी रजा. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर.

आणि एक तरतूद तर जणू आमच्यासाठीच लिहिलेली आहे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, तिला कष्टाचं किंवा ‘बराच वेळ उभं राहावं लागेल’ असं काम देता येत नाही. लांब उभं राहण्याचा उल्लेख कायद्यात शब्दशः आहे. पुढच्या सहा आठवड्यांतही ती रजेवर गेली नाही तरी हाच नियम.

पण त्याच वाक्यात एक अट आहे: तिने विनंती केल्यास.

माझ्या मते सगळा प्रश्न या तीन शब्दांत अडकलेला आहे. ज्या सरांच्या हातात तुमची परीक्षा, तुमच्या केसेस, तुमचं शिफारसपत्र आहे, त्यांच्यासमोर उभं राहून ‘मला रात्र नको’ म्हणायचं. शेजारी सहकारी उभा, ज्याला ती रात्र करावी लागणार. कोण म्हणेल? अमेरिकेत रेसिडेन्सीत बाळ झालेल्या ३४७ स्त्री सर्जनांना २०१८ साली विचारलं, तेव्हा सुमारे ८६ टक्के जणी प्रसूतीपर्यंत काहीही बदल न करता तसंच काम करत राहिल्या होत्या. जवळजवळ ६४ टक्के जणींना याचा आपल्यावर किंवा बाळावर परिणाम होईल अशी काळजी वाटत होती. काळजी वाटत होती, तरी तसंच केलं. ३९ टक्के जणींनी शिक्षण सोडून देण्याचा गंभीरपणे विचार केला होता.

रेसिडेंट मुलींना आणखी एक पेच असतो: त्या विद्यार्थिनी की कर्मचारी? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत मातृत्व रजा सरकारी नियमांप्रमाणे मिळते हे स्पष्ट लिहिलं आहे. कामाच्या तासांबद्दल मात्र तिथे ‘वाजवी’ एवढाच शब्द आहे. १९९२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं लिहून ठेवलं होतं. पुण्यातल्या कुठल्याही रेसिडेंटला हा कागद दाखवा आणि तिचा चेहरा पाहा.

ज्या कोणाच्या नोकरीत नाहीत त्यांची गोष्ट वेगळीच. आपल्या शहरात शेकडो सर्जन सकाळी कोथरूड, दुपारी औंध, रात्री हडपसर असं तीन रुग्णालयांत केसप्रमाणे काम करतात. त्यांना रजा देणारा मालकच नाही. काम थांबलं की उत्पन्न थांबतं आणि रुग्ण पाठवणारे डॉक्टर दुसऱ्याकडे पाठवायला लागतात. कायदा यांच्यापर्यंत पोचतच नाही. इथे दोघी-तिघींनी मिळून आधीच करार करून ठेवणं, एकीच्या बाळंतपणात दुसरीने तिचे रुग्ण सांभाळून नंतर परत करणं, एवढाच मार्ग मला प्रत्यक्षात चालताना दिसला आहे.

रोस्टर

सुरुवातीची गोष्ट पुन्हा सांगते, कारण ती मला सलते. ओटी भरणाऱ्या हातांत माया होती. युनिटचे सर वाईट नव्हते. तिला केबिनमध्ये बसवून त्यांनी स्वतःच्या डब्यातलं जेवण दिलेलं मी पाहिलं आहे. पण युनिटमध्ये चार रेसिडेंट आणि दर चौथी रात्र एकाची. तिची रात्र काढली तर उरलेल्या तिघांना दर तिसरी. त्यातला एक मुलगा मला म्हणाला होता, ‘मॅडम, तिच्याबद्दल वाईट वाटतं, पण मीही माणूस आहे.’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जागा भरायला माणूसच दिला नाही तर एकीचा त्रास दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यापलीकडे काही होत नाही, आणि मग तिच्या पोटाकडे सगळे हिशेबाच्या नजरेने बघायला लागतात.

म्हणून आधार म्हणजे काय, याचं माझं उत्तर असं. दरवर्षी एवढ्या मुली या वयात असणार हे प्रशासनाला आधीच माहीत असतं. तेव्हा बदलीच्या डॉक्टरचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. रोस्टरच्या नियमांत लिहून टाका की अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रात्र नाही, त्याआधी आठवड्याला एकापेक्षा जास्त नाही. दोन तासांपेक्षा लांब केसला दुसरा सर्जन वॉश होऊन तयार ठेवा आणि तिला पंधरा मिनिटं बाहेर पाठवा. आम्ही भूलतज्ज्ञ केसच्या मध्यात एकमेकांना सोडवतो, रुग्णाला काही होत नाही. जिथे बसून करता येतं, हाताची शस्त्रक्रिया, मूळव्याध, काही दुर्बिणीच्या केसेस, तिथे स्टूल द्या. पायांना घट्ट मोजे द्या. तिच्या केसेसची संख्या दिवसाच्या यादीतून भरून काढा, म्हणजे परीक्षेच्या वेळी लॉगबुक रिकामं राहणार नाही. हे सगळं तिने न मागता, गरोदरपण कळवल्याच्या दिवसापासून लागू व्हावं. नको असेल तर तिने नाही म्हणावं. तेही तिच्याच हातात हवं.

आणि गर्भपात. एक मुलगी क्युरेटिंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी ओटीत आली होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘कोणाला माहीतच नव्हतं मॅडम, मग रजा कशाची सांगू?’ तिला सहा आठवड्यांच्या हक्काची कल्पना नव्हती. रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाने हा नियम भिंतीवर लावावा, पाळणाघराच्या नियमाशेजारी.

घरच्यांनीही एक लक्षात ठेवा. ‘ती स्वतः डॉक्टर आहे, तिला कळतं’ असं समजू नका. डॉक्टर बाई स्वतःची लक्षणं सगळ्यात उशिरा मानते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं: यातलं काहीही झालं तर ड्यूटी सोडून तपासायला जायचं, त्याच तासाला. केस दुसरा कोणीतरी पुरी करतो.

बाळंतपणानंतर ती परत येते तेव्हा रात्रीच्या झोपेचं खोबरं झालेलं असतं आणि दूध दाटून येतं. लांब केसमध्ये दूध साठलं की छातीत गाठी होतात, ताप येतो. दर तीन-चार तासांनी दूध काढायला जागा लागते. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला साधारण चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, म्हणजे एक खुर्ची, एक पडदा आणि एक छोटा फ्रिज एवढंच हवं. मी आता काम करते त्या एका ठिकाणी गेल्या वर्षी चेंजिंग रूमच्या कोपऱ्यात हे तिन्ही आलं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्या फ्रिजमध्ये थंड पेयाच्या बाटल्या आणून ठेवल्या. सिस्टरांनी त्या बाहेर काढल्या आणि दारावर चिकटपट्टीने कागद लावला: फक्त दूध. कागदाचे कोपरे आता उचलले गेले आहेत, पण बाटल्या पुन्हा कोणी ठेवल्या नाहीत.